मापात पाप नको: ख्रिस्ती विश्वास रोजच्या व्यवहारात उतरवताना

जकातदारांचा मुखिया जक्कय याने प्रभू येशूला घरी घेतले तेव्हा त्याचा पश्चात्ताप आकड्यांत बोलला. निम्मी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत (लूक 19:8). त्या घराला तारण झाल्याचे प्रभू म्हणाला ते हे ऐकल्यावर. आपले संकल्प मात्र मोघम असतात. रविवारी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) किंवा भक्तीत (प्रॉटेस्टंट उपासनेत) 'आता प्रेमाने वागेन' असे ठरते आणि सोमवारी दुपारपर्यंत ते विरून जाते, कारण त्या संकल्पाला ना माणूस असतो, ना वेळ, ना रक्कम. पुढे दिलेली पद्धत हा मोघमपणा घालवण्यासाठी आहे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही ती वापरता येते. जिथे रीत वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

रात्रीची दहा मिनिटे

सुरुवात आत्मपरीक्षणापासून करा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात याच्या पाच पायऱ्या घालून दिल्या. प्रॉटेस्टंट घरात हीच गोष्ट स्तोत्र 139 च्या शेवटच्या दोन ओव्या म्हणून सुरू करता येते. 'देवा, माझे मन पारखून पाहा' हीच त्यांतली विनवणी आहे.

जेवण झाल्यावर, अंथरुणाला पाठ टेकण्याआधी, खुर्चीत बसून करा. पडून केले तर तिसऱ्या पायरीवर झोप लागते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली दोन मिनिटे आभार माना, आणि नेमके माना: आज कोणी जागा दिली, कोणी डबा आणला, कोणता ताप उतरला. ही पायरी गाळणारा माणूस थेट चुका मोजायला बसतो आणि दोन आठवड्यांत वही बंद करतो. मग अर्धा मिनिट पवित्र आत्म्याकडे उजेड मागा. त्यानंतरची पाच मिनिटे दिवस उलगडण्याची. तो तासांप्रमाणे आठवण्यापेक्षा जागांप्रमाणे आठवणे सोपे जाते: घर, रस्ता किंवा लोकल, कामाची जागा, फोन, पुन्हा घर. प्रत्येक जागी तीन प्रश्न विचारा. कोणाला काय बोललो? कोणाचे काय देणे राहिले? कोणाला टाळले? तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. मत्तय 25 मध्ये डाव्या हाताला उभ्या राहिलेल्यांवर ठपका आहे तो न केलेल्या कामांचा: भुकेल्याला न दिलेले अन्न, आजाऱ्याची न घेतलेली भेट.

चौथी पायरी पश्चात्तापाची. 'मी पापी आहे' एवढे म्हणून भागवू नका; 'आज सहा वाजता मी आईला तोडून बोललो' असे म्हणा. शेवटचे दीड मिनिट उद्यासाठी. त्यात एकच कृती ठरवा, माणसाच्या नावासह आणि वेळेसह. 'उद्या अकराच्या आत काकांना फोन' हा संकल्प झाला. 'नातेवाइकांशी संपर्क वाढवीन' हा झाला नाही.

एका वेळी एकच दोष

इग्नेशियस यांनी याला जोडून आणखी एक साधन दिले. ते फारसे वापरले जात नाही, पण फरक पडतो तो यानेच. आठवड्याच्या सात दिवसांसाठी वहीत ओळींच्या सात जोड्या आखा. जोडीतली वरची ओळ उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत, खालची तिथून रात्रीपर्यंत. निवडलेला दोष घडला की जागच्या जागी छातीवर हात ठेवायचा. शेजारच्यालाही कळत नाही. दुपारी आणि रात्री आठवून तितके ठिपके त्या त्या ओळीवर द्यायचे. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

दोष निवडताना बहुतेकांची गफलत होते. 'अहंकार' किंवा 'अविश्वास' असे काहीतरी मोठे निवडले जाते, पण त्याचे ठिपके देता येत नाहीत. मोजता येईल असे निवडा: मुलांवर ओरडणे, सुनेला टोमणा मारणे, जोडीदाराचे वाक्य मध्येच तोडणे, 'निघालोच' म्हणून घरीच बसून असणे. काय निवडावे ते कळत नसेल तर घरच्यांना विचारा. त्यांना विचार करावा लागत नाही.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. दोष वाढला म्हणून नव्हे, आता तो दिसू लागला म्हणून. याच टप्प्यावर अनेकजण सोडून देतात. एक दोष किमान चार आठवडे धरून ठेवा. दुसऱ्या आठवड्यापर्यंत ठिपक्यांचा एक नमुना दिसू लागतो: बरेचसे ओरडणे संध्याकाळी साडेसात ते साडेआठमध्ये, प्रवासाहून आल्यावर, पोटात काही नसताना. मग उपाय साधा असतो. आल्या आल्या पाणी, मूठभर चणे-शेंगदाणे, पंधरा मिनिटे शांत बसणे, आणि मुलांच्या अभ्यासाकडे त्यानंतर पाहणे. याला प्रार्थनेतली पळवाट समजू नका. शरीर थकलेले असताना मोह वरचढ होतो हे जुन्या मठवासीयांनाही ठाऊक होते.

दोष काढून रिकामी जागा ठेवू नका. प्रेषित पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की चोराने चोरी सोडावी एवढेच पुरे नाही, त्याने हातांनी काम करावे आणि गरजूला द्यायला काही मिळवावे (4:28). टोमणा मारणाऱ्याने दिवसातून एकदा त्याच व्यक्तीच्या खऱ्या गुणाची, तिच्या समोर, दाद द्यावी. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते. वाटू द्या.

तराजू, मजुरी, पावती

पैशाच्या व्यवहारात विश्वास सर्वांत लवकर उघडा पडतो. 'मापात पाप' हा शब्द मराठीने उगाच घडवलेला नाही, आणि शास्त्रही तेच सांगते: पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन वजने ठेवू नका (अनुवाद 25:13). दुकान, भाजीचा गाळा किंवा मासळीची पाटी चालवणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी करून घ्यावी आणि प्रमाणपत्र दिसेल असे लावावे. रोज सकाळी शिक्का असलेले एक किलोचे वजन ठेवून काटा तपासा. मिठाई किंवा केक तोलताना खोका आधी ठेवून काटा शून्यावर आणा. खोक्याचे वजन मालाच्या भावाने विकणे ही चोरीच आहे, बाजारात सगळे करत असले तरी. ओली मासळी पाण्यासकट तोलू नये, तळाला नासकी फळे लपवू नयेत.

मजुरीबद्दल नियम अगदी स्पष्ट आहे. रोजंदाराचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्यायचे (अनुवाद 24:15), रात्रभर आपल्याकडे ठेवायचे नाहीत (लेवीय 19:13). गवंडी, रंगारी, वाडीत काम करणारे मजूर यांना त्याच संध्याकाळी द्या. 'सुट्टे नाहीत, उद्या देतो' ही सबब यूपीआयच्या काळात उरलेली नाही. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी सकाळीच सुटे पैसे काढून ठेवा. घरकामाला येणाऱ्या मावशींशी ठरलेले एका कागदावर लिहून दोघांकडे ठेवा: कामे कोणती, वेळ किती, पगार किती, तो कोणत्या तारखेला, महिन्यातल्या भरपगारी सुट्ट्या किती, वाढ कोणत्या महिन्यात. रविवारची सुट्टी त्यात असायलाच हवी. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा दासदासींचे नाव घेऊन सांगितली आहे (निर्गम 20:10), तेव्हा आपण चर्चला जायचे आणि त्यांनी आपली भांडी घासायची, हे त्या आज्ञेत बसत नाही. नाताळात दहा पाहुणे येणार असतील तर वाढीव कामाचे पैसे आधी ठरवा. फराळाचे ताट हा मोबदला नव्हे.

नोकरदारांची गफलत कागदावर होते. घरभाडे भत्त्यासाठी आईवडिलांच्या नावाच्या खोट्या भाडेपावत्या, न केलेल्या प्रवासाची बिले, दुसऱ्याने लावलेली हजेरी. कॅथलिक धर्मशिक्षणात करचुकवेगिरी, बनावट बिले आणि मुद्दाम केलेले निकृष्ट काम ही तिन्ही 'चोरी करू नको' या आज्ञेखाली येतात. (ही आज्ञा कॅथलिक मोजणीत सातवी, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या मोजणीत आठवी. आज्ञा त्याच, गणती वेगळी.) आईवडिलांच्या घराचे भाडे खरोखर द्यायचे असेल तर ते दर महिन्याला त्यांच्या खात्यात जमा करा, त्यांनी ते उत्पन्नात दाखवावे, आणि ते पैसे मागच्या दाराने परत घेऊ नका.

लाचेच्या बाबतीत लोकांना नुसता उपदेश नको असतो, मार्ग हवा असतो. सातबारा, दाखला, फेरफार यांसाठी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर पुढचे काही चालत नाही. अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लागू आहे, म्हणून त्या सेवेची ठरलेली मुदत विचारा आणि ती उलटली की पहिले अपील करा. फाइल कुठे अडली ते 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने विचारता येते. उत्तराची मुदत साधारण 30 दिवसांची. थेट मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणे हाच त्याचा बचाव. नैतिक दृष्टीनेही हक्काचे काम अडवून उकळलेला पैसा आणि रांग मोडण्यासाठी आपणहून पुढे केलेला पैसा सारखे नाहीत. दुसऱ्यात आपण पुढच्या माणसाचा हक्क विकत घेतो. पहिल्यातही पैसे देण्याआधी वरचे मार्ग चोखाळून पाहिले का, याचे उत्तर रात्रीच्या दहा मिनिटांत द्यावे लागते. मुदत डोक्यावर आल्यावर धावाधाव केली की हे मार्ग बंद होतात, म्हणून दाखल्यांचे अर्ज दोन महिने आधी करा.

क्षमा मिळाली तरी परतफेड उरते

कॅथलिकांच्या पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंजवळ पाप कबूल केल्यावर, त्यांच्याकडून क्षमा मिळते, पण शेजाऱ्याचे घेतलेले पैसे त्याने परत जात नाहीत. चर्चची शिकवण याबाबत ठाम आहे: शक्य ती भरपाई केलीच पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रात हिशोबही दिला आहे. चूक कबूल करायची, मुद्दल द्यायचे आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यायचे (गणना 5:7-8). म्हणजे 5,000 रुपये लाटले असतील तर 6,000. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि पहिला हप्ता याच आठवड्यात द्या. मूळ माणूस सापडतच नसेल, जसे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना कमी तोलले, तर अंदाजाने रक्कम काढून ती गरिबांना द्यावी; ती आपल्या दानात मोजू नये. आपले नाव न कळवता पैसे पोचवण्याची मुभा आहे. दुसऱ्या निरपराध माणसावर संशय राहिलेला असेल तर मात्र तो दूर करणे हा भरपाईचाच भाग, आणि तिथे लपून राहता येत नाही.

पापनिवेदनाची तयारी रात्रीच्या वहीतून आपोआप होते. काय केले, साधारण किती वेळा, एवढे सांगा. परिस्थितीचे लांबण लावू नका आणि दुसऱ्याची पापे सांगू नका. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून किमान एकदा बंधनकारक आहे, पण वागणे सुधारायचे असेल तर महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच धर्मगुरूंकडे जावे. प्रॉटेस्टंट बंधुभगिनी थेट देवापुढे पाप कबूल करतात. त्यांच्यासाठी याकोब 5:16 महत्त्वाचे, एकमेकांजवळ कबुली आणि एकमेकांसाठी प्रार्थना. पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) किंवा मंडळीतली एखादी पोक्त, तोंड बंद ठेवणारी व्यक्ती निवडा, पुरुषांनी पुरुष आणि स्त्रियांनी स्त्री. प्रार्थनासभेत सर्वांसमोर दुसऱ्याचे नाव गुंतलेली कबुली देऊ नका. ती बदनामी ठरते.

जीभ आणि फोन

चर्चच्या पायऱ्यांवर मिस्सा सुटल्यावर जे बोलले जाते, तेच आता व्हॉट्सॲपच्या गटांवर चालते. यातले तीन दोष वेगळे ओळखा. पुरावा नसताना मनात वाईट धरणे हा पहिला. कोणाचा खरा असलेला दोष कारण नसताना चारचौघांत उघड करणे हा दुसरा. खोटे पसरवणे तिसरा. 'पण ते खरंच आहे!' हा बचाव दुसऱ्या दोषाला लागू पडत नाही, आणि ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त घडतो तो हाच, कित्येकदा 'तिच्यासाठी प्रार्थना करा' या शब्दांच्या आडून. प्रार्थनेसाठी नाव आणि गरज पुरे. तपशील देवाला माहीत आहे.

बदनामीची भरपाई सर्वांत कठीण. जिथे बोलला तिथेच दुरुस्ती करा. गटावर खोटा मजकूर टाकला असेल तर तो नुसता पुसू नका. 'मी काल टाकलेला मजकूर चुकीचा होता' असे त्याच गटावर लिहा आणि ज्यांना तो तुम्ही वेगळा पाठवला त्यांनाही कळवा. दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी आलेला संदेशही खोट्या साक्षीच्या याच आज्ञेत येतो. मूळ बातमी सापडली नाही तर पुढे पाठवू नका.

रागावलेल्या भावाकडे जाताना

वेदीपाशी अर्पण आणले आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा (मत्तय 5:23-24). अपराध आपला असो वा त्याचा, पहिले पाऊल आपले. त्याने अपराध केला असेल तर मत्तय 18 मधला क्रम पाळा: आधी एकट्याने एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. प्रत्यक्षात क्रम उलटा होतो. आधी साऱ्या नातेवाइकांना, शेवटी त्याला, तेही कोणाच्या तरी लग्नात. जमिनीच्या वाटणीची भांडणे यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

माफी मागताना चार गोष्टी म्हणा: मी काय केले, त्याने तुला काय सोसावे लागले, मी काय भरून देणार, आणि मला क्षमा कर. 'पण तूसुद्धा' आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे दोन शब्दप्रयोग वर्ज्य. उत्तर लगेच मागू नका.

एक इशारा इथे फार महत्त्वाचा आहे. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि परत जा' असे सांगणे हे मत्तय 18 चे पालन नव्हे. क्षमा करणे आणि धोक्यात परत जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तिला आधी सुरक्षित जागा, डॉक्टरांचा लेखी अहवाल आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याची भेट मिळवून द्या. नवऱ्याशी पाळकांनी किंवा फादरांनी स्वतंत्रपणे बोलावे. दोघांना एकत्र बसवले की ती खरे बोलू शकत नाही.

उपवास आणि दान

राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या निरोगी कॅथलिकांना उपवास आहे: एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळचे थोडे खाणे, जे मिळून एका जेवणाइतके होऊ नये. बाकीच्या उपवासकाळात काय सोडायचे ते प्रत्येकजण ठरवतो. सोडलेल्या गोष्टीचे पैसे झाले पाहिजेत. मटणाचे 800 रुपये वाचले आणि पनीरवर 700 गेले, तर उपवास 100 रुपयांचा झाला. वाचलेले रोज पाकिटात टाका आणि ईस्टरआधी कोणाला द्यायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा. यशयाच्या 58 व्या अध्यायात देव विचारतो की उपवासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, हा कसला उपवास? म्हणून वरची मजुरीची गोष्ट आधी, पाकीट नंतर.

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देणाऱ्यांनी तो पगार जमा होताच वेगळा काढावा. महिनाअखेर उरत नाही. 30,000 च्या पगारात 3,000 जड जात असतील तर 600 पासून सुरू करून दर तीन महिन्यांनी वाढवा. कर्ज थकवून दान देऊ नका. आईवडिलांचा आधार तोडून दिलेले दान तर प्रभूने मार्क 7 मध्ये नाकारलेच आहे, मग म्हाताऱ्या आईवडिलांचे औषध तोडून देणे दूरच. आणि देताना पंडिता रमाबाईंनी केडगावला जे केले ते आठवावे. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी अन्नाबरोबर अक्षर आणि छपाई, विणकामासारखा हुन्नर दिला, म्हणजे हात पसरण्याची वेळ पुन्हा येऊ नये. एका मुलाची वर्षाची फी आणि पुस्तके हे दहा ठिकाणी वाटलेल्या शंभर-शंभर रुपयांपेक्षा अधिक टिकते.

जातीचे काय? याकोब 2 मध्ये श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायापाशी, हे विश्वासाशी विसंगत ठरवले आहे. आपल्याकडे हीच पारख लग्न ठरवताना होते. मुलीसाठी स्थळ पाहताना 'ख्रिस्ती हवा' म्हणून पुढे मूळ जात, गाव किंवा पोटसमाज विचारला जात असेल, तर तो प्रश्न विचारणे आधी थांबवा. स्वयंपाकघरातला वेगळा कप त्याच दिवशी काढून टाका.

वही कधी मिटायची

काही हळव्या माणसांना या पद्धतीचा त्रास होतो. दहा मिनिटांची चाळीस होतात, कबूल केलेले पाप पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते, प्रार्थनेत शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात होते. इग्नेशियस स्वतः स्पेनमधल्या मान्रेसा इथे अशा शंकांनी ग्रासले होते. असे होऊ लागले तर ठिपके देणे लगेच थांबवा, फक्त आभाराची पायरी चालू ठेवा, एकाच धर्मगुरूंचे किंवा पाळकांचे ऐका आणि क्षमा झालेले पाप पुन्हा सांगू नका. झोप उडाली किंवा हात धुण्यासारख्या कृती वारंवार होऊ लागल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो आजार आहे, श्रद्धेची उणीव नाही.

इतरांनी वही दर तीन महिन्यांनी उघडून मागे पाहावी. अजून न फिटलेली देणी नव्या पानावर नाव आणि रकमेसह उतरवून घ्यावीत, बाकीची पाने फाडून जाळून टाकावीत. घरातल्या कोणाच्या हाती ती पडू नयेत, आणि आपल्याही पुन्हा पडू नयेत.